व्हेनिसची पुतळी : एका न बदललेल्या शिल्पाचे परीक्षण

नाण्याचे परीक्षण करावयाचे म्हणजे नेमके काय करावयाचे, असे वाचक आम्हांस विचारतील, आणि त्यांचा प्रश्न रास्त आहे. नाणकशास्त्रज्ञ नाणे तोलतो, सराफ ते कसोटीवर घासतो, संग्राहक त्याचा भाव विचारतो. चित्रापुढे आपण जसे थबकतो किंवा कविता जशी पुन्हा वाचतो, तसे नाण्यापाशी थांबण्याची चाल आपल्याकडे नाही. तथापि नाणे हेही शिल्पच होय. ते सर्वांत लहान शिल्प आहे, आणि कोणत्याही पुतळ्याहून अधिक हातांतून गेलेले शिल्प आहे. आज आम्ही ज्या नाण्याविषयी लिहीत आहो ते व्हेनिसचे सोन्याचे नाणे, डुकाट, होय. शेक्सपियरच्या नाटकातील शायलॉकच्या ज्या तीन हजार डुकाटांच्या कर्जापायी अँटोनिओचा जीव टांगणीला लागतो, तेच हे. महाविद्यालयात हे नाटक वाचताना आमच्यापैकी पुष्कळांनी त्या शब्दाखाली रेघ ओढली असेल. तेच नाणे आपल्या आजीच्या गळ्यात होते, हे मात्र फारच थोड्यांच्या ध्यानात आले असेल.

प्रथम नाण्याकडेच पाहू. त्याचा व्यास सुमारे २० मिलिमीटर. वजन सुमारे साडेतीन ग्रॅम, म्हणजे आपल्या जुन्या मापाने साडेतीन मासे आणि वर किंचित. सोने त्या काळच्या शोधनकलेस जितके शुद्ध करता आले तितके शुद्ध, शेकडा ९९ हून अधिक कसाचे. एका बाजूस दोन व्यक्ती आहेत. डावीकडे उभा आहे तो संत मार्क, व्हेनिसचा रक्षक संत. उजवीकडे गुडघे टेकून बसला आहे तो डोज, म्हणजे त्या प्रजासत्ताकाचा निवडलेला प्रमुख. दोघांच्या मध्ये एक उंच ध्वजदंड आहे. संत तो देत आहे आणि डोज घेत आहे; दोघांचेही हात दंडावर आहेत. दंडालगत डोजच्या पदवीची तीन लॅटिन अक्षरे एकीखाली एक उतरली आहेत, आणि कडेला एकीकडे संताचे व दुसरीकडे डोजचे नाव आहे. नाणे उलटले की लंबगोल प्रभामंडलात उभा असलेला ख्रिस्त दिसतो. त्याचा उजवा हात आशीर्वादासाठी उचललेला आहे, डाव्या हातात ग्रंथ आहे, भोवती तारे आहेत. कडेने लॅटिनमधील एक पद्यपंक्ती संक्षिप्त अक्षरांत फिरते. तिच्या दोन अर्धांत यमक साधलेले आहे. तिचा आशय असा की, हे ख्रिस्ता, ज्यावर तुझीच सत्ता आहे ते हे राज्य तुलाच अर्पण असो. राज्यवाचक ‘डुकाटुस’ हा तिचा शेवटचा शब्द. नाण्याचे नाव त्यावरूनच पडले असे पुष्कळ सांगतात, परंतु इ. स. ११४० मध्ये सिसिलीच्या दुसऱ्या रॉजर राजाने पाडलेल्या चांदीच्या नाण्यासही हेच नाव होते. नाव जुने होते. या पंक्तीने त्याला घर दिले एवढेच.

या चित्रातील पहिला गुण त्याच्या समकालीनांशी तुलना केल्यावाचून दिसत नाही. १२५२ साली फ्लॉरेन्स आणि जिनोआ या दोन नगरांनी आपली सोन्याची नाणी सुरू केली. फ्लॉरेन्सने आपल्या फ्लॉरिनवर एका बाजूस लिलीचे फूल आणि दुसऱ्या बाजूस संत योहान घातला. जिनोआने आपल्या नाण्यावर नगरद्वाराची आकृती घातली. ही चिन्हे सुबक आहेत, पण ती चिन्हेच राहतात. व्हेनिसने १२८४ च्या ऑक्टोबरात ठराव करून १२८५ पासून नाणे पाडले ते बत्तीस वर्षे उशिरा. परंतु त्यावर चिन्ह न घालता प्रसंग घातला. एक देतो, दुसरा घेतो. देणारा उभा आहे, घेणारा गुडघ्यावर आहे. सत्ता ही मिळवलेली वस्तू नसून सोपवलेली वस्तू आहे, हा संपूर्ण राज्यशास्त्राचा सिद्धांत बोटाच्या पेराएवढ्या जागेत दोन मानवी आकृतींनी उभा केला आहे. मध्यभागीचा तो दंड रचनेचा कणा आहे. तो काढला तर दोन माणसे केवळ शेजारी उरतील. आमच्या मते मध्ययुगीन युरोपच्या मुद्राकलेत इतकी नेमकी रचना क्वचितच सापडेल.

ही रचना शून्यातून आलेली नव्हे. व्हेनिसचे अर्धे शिक्षण कॉन्स्टँटिनोपलमध्ये झाले होते. १०८२ साली बायझंटाइन सम्राटाने व्हेनिसच्या व्यापाऱ्यांना जकातीची माफी दिली. १२०४ मध्ये त्याच व्हेनिसच्या जहाजांतून आलेल्या धर्मयोद्ध्यांनी ते नगर लुटले. १२६१ मध्ये आठव्या मायकेलने ते परत घेतले. या मायकेलच्या सोन्याच्या नाण्यावर सम्राट ख्रिस्तापुढे गुडघे टेकून आहे. हे सोन्याचे नाणे दीर्घकाळ पूर्वेकडील व्यापाराचा आधार होते. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याचा कस घसरत गेला, आणि जी पोकळी पडली ती भरण्यासाठी व्हेनिसला स्वतःचे सोने पाडावे लागले. लुटलेल्याची चालरीत लुटणाऱ्याने उचलावी आणि ती त्याच्यापेक्षा अधिक प्रामाणिकपणे पाळावी, असा हा इतिहासाचा विचित्र न्याय आहे.

येथे त्या भूमीची थोडी माहिती दिली पाहिजे, कारण तिच्यावाचून हे नाणे समजत नाही. ‘भूमी’ हा शब्दही येथे सैल आहे. व्हेनिस उथळ खाजणात, चिखलात रोवलेल्या लाकडी खुंटांवर उभे राहिले. गोव्याच्या किंवा कोकणच्या वाचकास खाजण म्हणजे काय ते सांगावयास नको. तेथे शेत नाही, खाण नाही, वन नाही. मूळ धन दोनच, मीठ आणि मासळी. ज्या नगरापाशी सोन्याचा एक कणही निघत नव्हता, त्याने पाच शतके जगाला सोन्याचे माप पुरवले. सोने येई ते बाहेरून. विशेषतः चौदाव्या शतकात हंगेरीच्या राज्यातील क्रेम्निका येथील खाणींतून. व्यापारी ते टाकसाळीत घालीत, शुद्ध करून घेत आणि नाणी घेऊन गलबतांवर चढत. अलेक्झांड्रिया, बैरूत, दमास्कस येथे त्यांची मिरी, सुंठ, लवंग, रेशीम होई. त्यांचा रक्षक संत देखील आयात केलेला. संत मार्कचे अवशेष दोन व्हेनिशियन व्यापाऱ्यांनी इ. स. ८२८ मध्ये अलेक्झांड्रियाहून पळवून आणले, अशी परंपरा सांगते. ज्या संताने नाण्यावर सत्ता सोपवावी, तोच व्यापाऱ्यांच्या गलबतातून आला असावा, ही गोष्ट त्या नगराच्या स्वभावास शोभणारीच आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. १२८५ ते १७९७ या ५१२ वर्षांत हे नाणे बदलले नाही. सत्तरांहून अधिक डोज होऊन गेले. प्रत्येकाचे नाव कडेला बदलले, आकृती तीच राहिली. वजन आणि कस नावापुरतेच हलले. याच काळात व्हेनिसमध्ये बेलिनी झाला, जॉर्जोने झाला, टिशियन झाला. प्रकाश, रंग, देहाची ऊब या सर्वांचा शोध त्या नगरात लागला. टाकसाळीसाठी सान्सोविनो या थोर वास्तुकाराने सोळाव्या शतकात पाण्याच्या काठी नवी भव्य वास्तू उभारली. आगीच्या भयाने तिला लाकडाऐवजी दगडी कमानींची छते घातली. ती आज तेथील राष्ट्रीय ग्रंथालयाचा भाग आहे. वास्तू सर्वस्वी नव्या युगाची, आणि तिच्या आत हातोड्याखाली पडत होते तेराव्या शतकातील ताठर, चपटे, सांधे नसलेले दोन मानव! कलेचा इतिहास लिहिणारे पुष्कळ जण या ठिकाणी नाक मुरडतात. त्यांना डुकाट म्हणजे कुंठित झालेल्या कारागिरीचा नमुना वाटतो.

हा निर्णय आम्हांस मान्य नाही. परंतु त्यातील सत्यांश प्रथम कबूल करू. अठराव्या शतकातील डुकाट हातात घेतला तर चेहरे म्हणजे टिंबे आणि वस्त्रांच्या चुण्या म्हणजे तारांचे गुंडाळे झालेले दिसतात. पहिल्या ठशांतील संताचे वाकणे, देताना पुढे येणारा त्याचा हात, हे सारे नकलेच्या नकलेत विरून गेले आहे. मुद्राकार समोर पाहत नव्हता; तो मागील ठसा पाहत होता. हा दोष आहे, आणि त्यास गुण म्हणणे ही भाबडी भक्ती होईल.

परंतु न बदलण्याचा निर्णय हा कुंठितपणा नव्हता, तो विचार होता. त्याचा पुरावा त्याच टाकसाळीतून मिळतो. पंधराव्या शतकात मिलानच्या स्फोर्झा घराण्याने आणि इतर राजांनी आपले मुखवटे नाण्यांवर घालण्यास आरंभ केला. रोमन सम्राटांची ती जुनी हौस पुन्हा जागी झाली होती. व्हेनिसमध्ये निकोलो ट्रॉन हा डोज १४७१ मध्ये निवडून आला आणि त्याने १४७२ मध्ये चांदीच्या नव्या लिरा नाण्यावर स्वतःचे मस्तक उमटवले. ते मस्तक उत्तम आहे. दाढी, गालांची हाडे, डोळ्यांखालची वळी, सारे जिवंत. १४७३ मध्ये तो मरण पावला आणि प्रजासत्ताकाने ठरवले की यापुढे डोजचे चित्र असे येणार नाही. तो येईल तर संतापुढे गुडघे टेकलेला असाच येईल. म्हणजे उत्तम व्यक्तिचित्र कसे काढावे हे त्यांना ठाऊक होते. ते काढावयाचे नाही, हे त्यांनी ठरवले. डुकाटावरील डोजला चेहरा नाही तो याच कारणाने. त्या जागी जो येईल तो केवळ पद धारण करणारा. चेहरा घेऊन येण्याची त्यास मुभा नाही. ज्यास आपण निर्जीवपणा म्हणतो तो एका अर्थी लोकशासनाचा, निदान कुलीनांच्या शासनाचा, अलंकार होता.

दुसरे कारण बाजाराचे. अलेक्झांड्रियाच्या सराफास लॅटिन येत नव्हते. तो पंक्ती वाचीत नसे. तो आकृती ओळखीत असे. दोन माणसे, मध्ये काठी, मागे लंबगोलात एक माणूस. एवढे दिसले की त्याने तराजूशिवाय नाणे घ्यावे, असा त्या आकृतीचा दरारा होता. अरबी भाषेत अशा नाण्यांस ‘मुशख्खस’, म्हणजे माणसांच्या आकृती असलेली, असे म्हणत. नाण्यावर मूर्ती नको म्हणणाऱ्या समाजाने मूर्ती असलेले, परधर्माचे नाणे केवळ त्याच्या सोन्याच्या खरेपणावर स्वीकारले. त्याच्याशी स्पर्धा करण्यासाठी ईजिप्तच्या अश्रफ बार्सबाय या सुलतानाने १४२५ साली त्याच्याच जवळपासच्या वजनाचे नाणे काढले. आपल्या भाषेत आलेली ‘अशरफी’ ती हीच. १४७७-७८ च्या सुमारास कॉन्स्टँटिनोपल जिंकणाऱ्या दुसऱ्या मेहमदनेही आपले पहिले सोन्याचे नाणे डुकाटाच्याच मापावर पाडले. शत्रूने देखील आपले माप उचलावे, याहून मोठे प्रशस्तिपत्र कोणत्या शिल्पास मिळाले आहे?

मात्र या प्रामाणिकपणाची एक काळी बाजू आहे, आणि ती दडवणे टीकाकारास शोभणारे नाही. सोने निष्कलंक राहिले. चांदीची खुर्दा नाणी राहिली नाहीत. आरंभी एका डुकाटाचे सुमारे ४० सोल्दी होत. १४५० च्या दशकात १२४ होऊ लागले. सोने वधारले त्याहून खुर्दा अधिक हलका झाला. डुकाट व्यापाऱ्याच्या थैलीत असे; गलबते बांधणाऱ्या सुताराला, कोष्ट्याला, कोळ्याला रोजचा पैसा मिळे तो त्या हलक्या नाण्यांत. ज्या नगराने परक्या सुलतानाच्या सराफास कधी फसवले नाही, त्याने आपल्या घरच्या मजुरास थोडे थोडे करून फसवले. गुडघे टेकलेल्या डोजची ती नम्रता पाहताना हे विसरता येत नाही. पुढे तर ‘डुकाट’ हे नावच या १२४ सोल्दींच्या हिशेबी आकड्यास चिकटले आणि खऱ्या सोन्याच्या नाण्यास टाकसाळीवरून ‘झेकिनो’ म्हणू लागले. टाकसाळीचे नाव ‘झेक्का’. हा शब्द अरबी ‘सिक्का’ वरून व्हेनिसला गेला. तोच शब्द फारसीतून आपल्याकडे ‘शिक्का’ होऊन आला. व्हेनिसची टाकसाळ आणि शिवछत्रपतींच्या कागदांवरील शिक्का हे शब्दांच्या कुळात सख्खे भाऊ आहेत.

१७९७ च्या मे महिन्यात शेवटचा डोज लुडोविको मानिन पदावरून उतरला. बोनापार्टच्या सैन्यापुढे प्रजासत्ताक लढाईवाचून संपले. पुढे ऑस्ट्रियाच्या सम्राटाच्या नावानेही काही वर्षे तीच आकृती पडत राहिली. गुडघे टेकणारा पदाधिकारी उरला नव्हता, ज्याने ध्वज सोपवावा ते राज्य उरले नव्हते. उरली होती केवळ बाजाराची सवय. चित्रातील प्रसंगाचा अर्थ त्या दिवशी मेला, असे आम्ही म्हटले असते. परंतु या आकृतीचा एक दुसरा जन्म तोवर दुसऱ्याच किनाऱ्यावर होऊन गेला होता.

अलेक्झांड्रियाहून तांबड्या समुद्रातून हे सोने गुजरात आणि मलबारच्या बंदरांवर उतरत असे; कारण मिरीच्या बदल्यात देण्यासारखा दुसरा माल युरोपाजवळ फारसा नव्हता. पोर्तुगालने १४५७ साली आपला क्रुझादो काढला तो डुकाटाच्याच वजनाचा. १४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतला आला आणि १५१० मध्ये आल्बुकर्कने गोवे घेऊन तेथे आपली नाणी पाडली. पुढे गोव्याच्या टाकसाळीतून संत थॉमसची आकृती असलेले सोन्याचे नाणे निघाले. तरी व्हेनिसच्या नाण्याची येथील पत गेली नाही. मराठी मुलखात त्यास नाव पडले ‘पुतळी’. सभासदाच्या बखरीत शिवाजी महाराजांच्या खजिन्यातील नाण्यांची जी यादी आहे, तीत मोहरा आणि होन यांच्या पंगतीस पुतळ्याही आहेत. कैरोच्या सराफाने ‘मुशख्खस’ म्हटले आणि आमच्या सराफाने ‘पुतळी’ म्हटले. दोघांनी एकमेकांस न विचारता एकच शब्द उच्चारला. नाण्यावर माणसे आहेत, ही गोष्ट दोघांनाही सर्वांत प्रथम दिसली.

पुढे त्या नाण्यास कडी लागली आणि ते गळ्यात आले. पुतळ्यांची माळ जिथे जिथे मराठी कुटुंबे गेली तिथे तिथे गेली. व्हेनिसचे सोने पुरेना तेव्हा येथील कारागिरांनी स्वतःच पुतळ्या घडवल्या. त्यांवरील लॅटिन अक्षरे केवळ रेघा होऊन गेली, संत आणि डोज यांची दोन नुसती माणसे झाली, आणि पाहणाऱ्यांनी त्यांत आपापले ओळखीचे पाहिले. कोणास राम-सीता दिसली. तमिळ मुलखात याच नाण्यास ‘शाणार काशु’ म्हणतात; तेथील लोकांना ध्वजदंड हे ताडाचे झाड वाटले आणि गुडघे टेकलेला डोज हा त्यावर चढणारा ताडी काढणारा शाणार वाटला. व्हेनिसच्या महामंडळाने हे ऐकले असते तर त्यांस काय वाटले असते, कोण जाणे!

येथे आमच्यातील दोन पक्ष पुढे येतात. एक पक्ष हसून म्हणतो की हे सारे अडाण्यांचे चुकीचे वाचन. मूळ अर्थ तो खरा. दुसरा पक्ष रागावून म्हणतो की पुतळी आमचीच, परक्यांचे नाव कशास हवे. आम्हांस दोन्ही पक्ष आळशी वाटतात. पहिल्यास हे दिसत नाही की ताडावर चढणारा शाणार पाहणाऱ्याने रचनेचा कणा बरोबर ओळखला होता. मध्ये एक उभी रेघ आहे आणि माणसाचे तिच्याशी नाते आहे, हे त्यास लॅटिन न येताही कळले. चांगल्या रचनेची हीच खूण की तिचे नाव हरवले तरी तिचे नाते हरवत नाही. दुसऱ्या पक्षास हे दिसत नाही की एखादी वस्तू आपली होते ती तिचा प्रवास पुसून नव्हे. आजीच्या माळेत खाजणातले नगर आहे, क्रेम्निकाची खाण आहे, अलेक्झांड्रियाचा सराफ आहे आणि शेवटी आजी आहे. यांपैकी एकही वगळले तर माळ हलकी होते.

हे सर्व लिहिण्यास एक निमित्त घडले. आमच्या परिचयाच्या एका घरी तीन पिढ्यांची पुतळ्यांची माळ होती. नव्या घडणीच्या मोहाने ती आटणीला गेली. सोनाराने सोन्याचा भाव चोख दिला. त्याचा काहीच दोष नाही. पुढे घरातील एका मुलीने जुन्या छायाचित्रावर भिंग धरून पाहिले, तेव्हा दोन पुतळ्यांवर दंडालगत उतरणारी तीन अक्षरे तिला स्पष्ट दिसली. बाकीच्या येथील घडणीच्या होत्या. त्या दोन व्हेनिसच्या होत्या. तीस पश्चात्ताप झाला तो पैशाचा नव्हे. इतकी वर्षे गळ्यात असलेली वस्तू कोणी वाचलीच नाही, याचा झाला.

डुकाटाविषयी आमचा अभिप्राय तर हा. शिल्प म्हणून त्याचे पहिले शतक उत्कृष्ट, शेवटचे सुमार. विचार म्हणून ते पाचही शतके समर्थ, परंतु घरच्या गरिबांपुरते खोटे. आणि परक्या किनाऱ्यावर जाऊन नवे अर्थ घेण्याची जी शक्ती त्याने दाखवली, ती आमच्या मते त्याच्या कर्त्यांनाही ठाऊक नव्हती. आजच्या पुतळ्यांवर बहुधा लक्ष्मी असते, आणि ती असावी. तीही त्याच परंपरेची पुढची कडी आहे. वाचकांस आमची विनंती एवढीच की जुनी माळ घरात असेल तर सोनाराकडे नेण्यापूर्वी एकदा उजेडाशी धरावी. मध्ये उभी रेघ आहे का पाहावे. एक देतो आहे, एक घेतो आहे का पाहावे. मग ती मोडावी की ठेवावी, हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न. पण वाचल्यावाचून मोडू नये.